देवावरचं कापड

पूजेचं तबक घेऊन देवाजवळ गेले आणि जागच्या जागी थांबले. आमचा देव्हारा म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली एक फळी. तिच्यावर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक आणि माझ्या आईनं लग्नात दिलेला गणपती. त्या सगळ्यांवर एक पांढरं उपरणं पडलं होतं. घाईनं फेकलेलं नव्हतं. चारी बाजूंनी नीट ओढून घेतलं होतं, कुणाचा मुकुटसुद्धा दिसू नये असं.

उपरणं माझ्या सासऱ्यांचं होतं.

तबक तिथंच ठेवलं आणि आधी कपाट गाठलं. ठुशी होती, बांगड्या होत्या. चांदीची वाटीसुद्धा फडक्यात गुंडाळलेली तशीच. मागच्या दारी गेले तर तात्या न्हाणीच्या दगडावर बसून राखुंडीनं दात घासत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. उपरण्याची घडी करून त्यांच्या खुंटीला अडकवली, देवांना आंघोळ घातली आणि स्टो पेटवला. दोन काड्या फुकट गेल्या.

भीती कशाची ते सांगते. माझं लग्न ठरलं तेव्हा 'मुलाचे वडील परगावी असतात' एवढंच आमच्याकडे सांगितलं होतं. ते काही खोटं नव्हतं. येरवडा आमच्या गावाहून चांगलंच लांब आहे. लग्न झाल्यावर मालकांनीच एका संध्याकाळी मान खाली घालून सगळं सांगितलं. मालकांचं नाव भालचंद्र. आता नाव घेतलं म्हणून डोळे वटारायला ते नाहीत, तेव्हा सरळ घेते. तर तात्या, म्हणजे रंगनाथ म्हेत्रे, घरफोड्या करायचे. आयुष्यातल्या निम्म्या दिवाळ्या त्यांनी तुरुंगात काढल्या होत्या. आणि दर वेळी पकडले जायचे ते एकाच खोडीपायी. कुणाच्याही घरात शिरले की पहिल्यांदा देव शोधायचे, हाताला लागेल ते कापड त्यांच्यावर टाकायचे आणि मग कामाला लागायचे. सकाळी घरच्यांनी देव झाकलेले पाहिले की फौजदाराला पंचनाम्याच्या आधीच नाव कळायचं. तालुक्यातल्या बायका हळदीकुंकवाला ही गोष्ट एकमेकींना रंगवून सांगायच्या.

मी एकदा त्यांना विचारलंही होतं, "तात्या, कापड टाकलं नसतं तर कधी सापडला नसता की हो तुम्ही."

"त्येच्या डोळ्यांदेखत कसं करावं, सूनबाई?" ते म्हणाले होते. एवढ्या साध्या उत्तरावर आणखी काय विचारणार?

शेवटची शिक्षा संपवून ते आमच्याकडे आले तेव्हा भालचंद्रांनी दारातच बजावलं होतं, "ऱ्हावा. पोटभर खावा. पर पुन्ना एकदा जरी हात चालला, तर मला बाप न्हाई आन् तुमाला ल्योक न्हाई." तात्या नुसते मान हलवत राहिले. तेलाच्या मिलमध्ये भालचंद्र फिटर होते. बापाच्या नावानं लहानपणापासून पोरांची टवाळी खाल्लेली, त्यामुळे गावात मान वर करून चालायला मिळावं एवढीच त्यांची इच्छा. बापाशी बोलायचे ते कामापुरतं.

त्यात कवठेकर हवालदार अधूनमधून डोकावायचे. माणूस वाईट नव्हता. ओट्यावर बसून चहा घ्यायचे आणि आवाज खाली आणून मला म्हणायचे, "वहिनी, सांभाळा. दहा सुटले की सात परत येतात. आमची नोकरी त्यांच्यावरच चाललीय."

मला तात्या आवडायचे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सासू नाही, जाऊ नाही, दिवसभर घरात मी एकटी. तात्या मेथी निवडून द्यायचे, दळण आणायचे, मी भाजीत मीठ विसरले तर "आज काय माहेरची आठवण आली का?" म्हणून चिडवायचे. माझ्या बापानं माझ्याशी एवढ्या गप्पा कधी मारल्या नव्हत्या. ते परत आत जाऊ नयेत असं मला वाटायचं, आणि देवांवरचं उपरणं पाहिल्यापासून ते जाणार ही भीती मनात बसली होती.

कारण उपरणं पुन्हा पडलं. आणि आठवडाभरानं पुन्हा. घरातलं काडीचंही हलायचं नाही, पण देव झाकलेले असायचे. शेवटी एका दुपारी शेंगा फोडत बसलो असताना मी म्हणाले, "तात्या, आमच्या देवांना थंडी वाजते का हो?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाले, "पहाटं जाग येती. मला न्हाई, हातांना येती. घर निजलेलं असतंय आन् हात उठून बसत्यात. एवढ्या वरसांची सवय. बाहेर पडलो तर मला कोन आडवनार? मग म्या कापड टाकतो. कापड पडलं की हातांना वाटतंय, काम सुरू झालं. निम्मे शांत व्हत्यात. मग तितंच भिंतीला टेकून बसून ऱ्हातो. उजाडतंय."

"आणि मग?"

"मग काय, दिस निघतो. त्येवढ्यावर भागतंय."

तंबाखू सोडलेला माणूस बडीशेप चघळतो, तसलंच होतं हे. मला रडू आलं आणि हसूही आलं. मी म्हणाले, "उपरणं मळतं तुमचं. फळीखाली धुतलेलं एक कापड ठेवत जाईन. तेच टाका."

"आन् भालूला?"

"त्यांना कशाला सांगायचं? त्यांना सकाळी स्वतःचा टॉवेल सापडत नाही, देव कुठं दिसतायत!"

तात्या हसले. त्या दिवसापासून फळीखाली एक जुनं धोतर धुऊन, घडी करून असायचं. कधी आठवडाभर ते हलायचं नाही, कधी लागोपाठ पडायचं. भालचंद्र उठायच्या आत मी ते काढून ठेवायचे. पावसाळा लागेपर्यंत हे असंच चाललं आणि मला वाटायला लागलं होतं की जमलं आपल्याला.

मग तो रविवार आला. नळाला पाणी उशिरा आलं, त्यामुळे माझी आंघोळ राहिली होती आणि देव अजून झाकलेलेच होते. भालचंद्र सुट्टी म्हणून घरात दाढी करत होते. तेवढ्यात कवठेकर हवालदार आले. नेहमीसारखे बसले. मी चहा केला, त्यांनी घेतला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "रंगनाथ कुठंय?"

"मागं. का हो?"

"शेजारच्या माईंकडं रात्री चोरी झाली. पाटल्या गेल्या. आन् देव झाकलेत."

माई देशमाने आमच्या शेजारीण. एकटी विधवा बाई, सोवळ्याओवळ्याची फार कडक. त्या मागोमाग आल्याच. "माझ्याच सोवळ्यानं झाकलेत मेल्यानं!" त्या दारातून ओरडल्या. चोरीपेक्षा त्याचाच संताप जास्त होता.

हवालदार उठून मागच्या दाराकडे निघाले. मागच्या दाराची वाट स्वयंपाकघरातून. मी पुढं धावले, पण हातात कपबशा होत्या. ते कोपऱ्यापाशी थबकले. भालचंद्रही तोंडाला साबण तसाच घेऊन त्यांच्या मागं आले होते. आमच्या फळीवर धोतर पसरलेलं होतं, चारी बाजूंनी नीट ओढून.

"हे कापड कुणी टाकलं, वहिनी?"

"मी," मी म्हणाले.

"का?"

"माझा विटाळ चालू आहे. देवांवर नजर पडू नये म्हणून झाकलेत."

हवालदारांची मान खाली गेली. भालचंद्र भिंतीकडे बघायला लागले. पुरुषांना गप्प करायला एवढं एक वाक्य पुरतं हे मला ठाऊक होतं. क्षणभर वाटलं, सुटलो.

पण माई पुरुष नव्हत्या. उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या, "अगं, विटाळशी बाई देवाजवळ जाते होय कापड घालायला? देवाला हात लावलास तू? आणि चुलीपाशी काय करतेस? ह्यांना आत्ता चहा कुणी करून दिला?"

आमच्या घरात दुसरी बाई नव्हती, त्यामुळे ते बाजूला बसणं आम्ही कधी पाळलंच नव्हतं. जे पाळत नाही त्याचं खोटंसुद्धा धड सांगता येत नाही. हवालदारांनी मान वर केली. आता त्यांची नजर वेगळी होती.

मग मी खरं ते बोलून गेले. "ऐका माझं. तात्या पहाटे उठून देवांवर कापड टाकतात. पुष्कळदा टाकतात. काही घेत नाहीत, नुसते बसून राहतात. आज इथं कापड आहे म्हणजे आज ते इथंच होते. देवाशपथ सांगते."

हवालदार कीव आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, म्हंजे पहाटं उठून त्याला चोरी करावी वाटती, हे तुमीच मला सांगताय."

त्यांचं काय चुकलं? माझ्याजवळ तात्यांच्या बाजूचा एकच पुरावा होता आणि तो तोंडातून बाहेर पडला की त्यांच्यावरच उलटत होता.

मागच्या दारात तात्या येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. भालचंद्रांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "कवाधरनं चाललंय हे? आपल्याच घरात?"

"तुम्हाला वाटतं तसं नाही हो ते."

"आपल्याच घरात, शालन?"

"हवालदार, चला," तात्या म्हणाले. "कापड माझंच हाय. सुनेला उगं उभंआडवं इचारू नका." चप्पल घालताना ते खाली वाकले आणि म्हणाले, "भालू, तेवढा साबन पूस. डोळ्यात जाईल." भालचंद्र हलले नाहीत. गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं उभी होती, आणि त्यातली बरीच जण 'आम्हाला माहीतच होतं' अशा तोंडानं उभी होती.

तात्या सगळा पावसाळा कच्च्या कैदेत होते. मी भेटायला जायचं म्हटलं की भालचंद्र म्हणायचे, "खुशाल जा, पर मला सांगू नको." मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तात्या माझ्याशी पाऊसपाण्याचं बोलले.

दसऱ्यानंतर माईंचा सख्खा पुतण्या सोलापुरात सराफाकडे त्या पाटल्या विकताना सापडला. माईंनीच त्याला लहानपणापासून म्हेत्र्यांच्या देव झाकण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. बघा, किती कामाला आल्या. कवठेकर हवालदार स्वतः येऊन सांगून गेले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

भालचंद्र तात्यांना आणायला गेले. येताना बाप पुढं आणि लेक मागं, असे दोघं गल्लीतून चालत आले. भालचंद्रांना काहीतरी बोलायचं होतं. "पानी तापवलंय का?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

तात्या वाळले होते. जेवण निम्मं राहायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलत नव्हते. आणि देवांवरचं कापड पडायचं थांबलं. फळीखालची घडी दिवसेंदिवस तशीच. एका सकाळी मी म्हणाले, "तात्या, कापड तिथंच ठेवलंय हो. लागलं तर."

"नगं आता."

"हात उठत नाहीत?"

त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीकडे बोट केलं. "त्या रविवारी म्या हितंच बसलो व्हतो, ह्या भिंतीला टेकून. दुसरं कुनी जागं न्हवतं. साक्षीला एकटा देव व्हता. आन् त्येचे डोळे म्याच झाकले व्हते." मग म्हणाले, "आता झाकत न्हाई. बघू दे त्येला."

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. वाटलं, सुटली सवय. मी ती घडी उचलली आणि धोतर फाडून त्याची पोतेरी केली.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी भालचंद्र कामाला गेल्यावर मी दारात रांगोळी काढत होते. कवठेकर हवालदार सायकलवरून चालले होते. मला बघून उतरले. मागच्या गल्लीतल्या आडतवाल्या शेटजींकडे चोरी झाली होती. चांदीचं ताट, तांब्या, फुलपात्रं, सगळं गेलं होतं.

माझ्या चिमटीतून रांगोळी सांडली.

"घाबरू नका," ते घाईनं म्हणाले. "रंगनाथचं काम न्हाई. मी जाऊन आलो. देव उघडेच्या उघडे. म्हंजे दुसराच कुनीतरी." पायडलवर पाय ठेवून ते थोडे हसले. "दहातले सात परत येतात म्हनायचो ना मी? तुमचे तात्या उरलेल्या तिघांतले निघाले बघा."

मी आत आले. तात्या मागच्या दारी उन्हात बसून भाकरी खात होते. दूध घातलेली अख्खी भाकरी, मन लावून. इतक्या दिवसांत त्यांना असं खाताना मी पाहिलं नव्हतं.

"शेटजींकडे चोरी झाली," मी म्हणाले.

"हवालदार काय म्हनला?"

"म्हणाला, तुमचं काम नाही. देव उघडे होते."

त्यांनी घास गिळला. "समई जळत व्हती त्येंच्याकडं. ती पन म्या मालवली न्हाई. म्हनलं, आता बघ नीट."

समईचं हवालदारांनी काही सांगितलं नव्हतं. कुठं ठेवलंत, का केलंत, कशासाठी, असं पुष्कळ तोंडाशी आलं आणि कशालाच अर्थ वाटेना. शेवटी विचारलं, "आता ह्यांना काय सांगू मी?"

"काय सांगशील? काई झालंच न्हाई. देवाच्यानं जमलं न्हाई मला आडवायला, सूनबाई. तो नुसता बघतो."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचंच मला भय वाटलं. त्या रात्रीपासून मी पहाटे डोळे उघडे ठेवून पडून राहायचे आणि मागच्या दाराची कडी वाजते का ऐकायचे. ती वाजायची नाही. इतकी वर्षं कड्या न वाजवता काढणारा माणूस तो.

गावात मात्र उलटंच झालं. हवालदारांनी चार जणांत सांगितलं असावं. लोक तात्यांना राम राम घालायला लागले. आधी उगीच तुरुंगात डांबला, आणि आता बघा, खरी चोरी झाली तर म्हातारा धुतल्या तांदळासारखा! भालचंद्रांची चालच बदलली. मिलमध्ये कुणी बापाचा विषय काढला की ते आता आपणहून बोलायचे.

अशात एका संध्याकाळी माई आल्या. हातात पेढ्यांचा पुडा, बाहेर रिक्षा उभी. पुण्याला लेकीकडे बाळंतपणाला निघाल्या होत्या. आम्ही सगळे पुढच्या खोलीत होतो. त्यांनी तात्यांना वाकून नमस्कार केला. सोवळ्यातली ती बाई, आयुष्यात कुणापुढं वाकली नसेल.

"रंगनाथराव, तुम्हाला मी नाही नाही ते बोलले. माझंच माणूस चोर निघालं. आता एवढं करा." त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि पुढं केली. "घर तुमच्या भरवशावर सोडून जातेय. येताजाता लक्ष असू द्या. देवांना सकाळी दिवा तेवढा लावा."

तात्यांनी हात मागं घेतले. "सूनबाईकडं द्या."

"तुमच्याच हातात देणार. गल्लीत तुमच्याएवढा विश्वासाचा माणूस मला दिसत नाही."

"तात्या, घ्या की!" भालचंद्र म्हणाले. "माई एवढं म्हनत्यात. आन् तात्या, त्या रविवारी म्या... चुकलं माझं."

एवढे महिने अडकलेलं ते वाक्य शेवटी निघालं. माईंनी तात्यांचा हात ओढून किल्ली तळव्यावर ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या हातानं मिटवली. मग डोळे पुसत रिक्षात बसल्या. भालचंद्र त्यांचं बोचकं चढवायला खाली उतरले.

तात्या माझ्या जवळ सरकले. कपाळावर घाम होता. मूठ त्यांनी छातीशी धरली होती.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "हवालदाराला बलाव. शेटच्या घरचं सांग त्येला. माझं नाव सांग. आत्ताच्या आत्ता बलाव. आता ह्ये हात ऐकायचे न्हाईत."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. मग बाहेर पाहिलं. रिक्षा गेली होती आणि भालचंद्र पायरीवर उभे होते. समोरच्या ओट्यावरच्या माणसांना हात करून त्यांनी आत वळून पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि हसले. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बापाकडे बघून हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते.

"आत चला, तात्या," मी म्हणाले. "चहा निवतोय."